विळ्याचं पाणी

माझ्या मावसबहिणीचं नाव कडूबाई. गीतामावशीला एका मुलावर ओळीनं तीन मुली झाल्या, तेव्हा आता पुरे, हे देवाला कळावं म्हणून चौथीचं नाव कडू ठेवलं. असं नाव घेऊन आलेल्या पोरीनं खाली मान घालून राहावं, अशी घरच्यांची अपेक्षा असणार. पण कडूची मान जन्मात कधी खाली गेली नाही. सांगून आलेल्या स्थळांना ती उलट प्रश्न विचारायची आणि ती माणसं चहा न घेताच उठायची. शेवटी सुंदररावकाकांनी, म्हणजे तिच्या जमीनदार वडिलांनी, वैतागून तिला चकलांब्याहून बीडला आमच्या घरी पाठवलं. म्हणाले, शिकू द्या, निदान तोंड तरी कामाला लागेल.

मी केशर. माझे वडील बीडच्या अदालतीत अहलकार म्हणजे कारकून होते, आणि मी मोठेपणी मुन्सफाची, न्यायाधीशाची, बायको होणार, हे माझं तेव्हाच ठरलेलं होतं. कडू माझ्याच वयाची, माझ्याच वर्गात, माझ्याच अंथरुणात. तिचा मला राग येई, आणि ती दिसली नाही की करमतही नसे.

आमच्या मुलींच्या मदरशात, म्हणजे सरकारी शाळेत, मराठी शिकवायला रुक्मिणीबाई होत्या. शिक्षणाच्या तालीमात खात्याच्या मोहतमीम बाईसाहेब दर साली शाळा तपासायला, मुआयन्याला, येत आणि मोठ्या मुलींना एकच प्रश्न विचारत, ‘शिकून काय करणार?’ मुलीही दर साली एकच उत्तर देत, ‘पोथी वाचू, सासरहून पत्र लिहू.’ रुक्मिणीबाईंना त्या उत्तराचा वीट आला होता. पण मुलींनी दुसरं काही पाहिलंच नाही, तर त्या दुसरं सांगणार तरी काय, असंही त्यांना वाटे. म्हणून त्या साली दर जुम्म्याच्या, शुक्रवारच्या, सुट्टीला त्या आम्हा पाच मोठ्या मुलींना घेऊन गावात निघू लागल्या. माणसं कामं करतात ती बघायला. माझी आई कपाळाला हात लावायची. ‘ही बाई पोरींची वरात कावून काढती गावातनं?’

बघून परत येताना बाई एकच विचारत, ‘हा माणूस उद्या कामावर आला नाही, तर कोणाचं अडेल?’

आम्ही पाणी भरून न्यायच्या चामड्याच्या छागली शिवणारा कारागीर पाहिला. तो आला नाही तर वाटसरू तहानेले राहतील, असं सगळ्यांनी सांगितलं. टपाल वाटणारा पाहिला, रंगारी पाहिला. मग माझ्या हट्टानं एकदा अदालत पाहिली, म्हणजे बाहेरून पाहिली, पायऱ्यांच्या खाली उभं राहून. मुन्सफसाहेब टांग्यातून उतरले, सगळे उठून उभे राहिले, आणि माझी छाती भरून आली. परतताना बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला. कडू म्हणाली, ‘कुनाचंच अडनार न्हाई. केशरचे वडीलच म्हनतात, मुन्सफ आले काय आन न आले काय, पुढची तारीख पडायची ती पडतीच.’ सगळ्या हसल्या. बाईसुद्धा हसल्या, हे मला जास्त लागलं. मी दोन दिवस कडूशी बोलले नाही.

त्यानंतरच्या जुम्म्याला आम्ही दवाखान्यात गेलो. तिथं बायकांच्या बाजूला जालन्याकडची एक ख्रिस्ती नर्स होती. तिला सगळे मिसबाई म्हणत. आम्ही गेलो तेव्हा ती शेगडीवर पातेलं ठेवून त्यात कात्री उकळत होती. बाकीच्या मुली तिच्या पांढऱ्या साडीकडे आणि पायातल्या बुटांकडे बघत होत्या. कडू पातेल्याकडे बघत होती.

‘कात्री कावून शिजवता?’ तिनं विचारलं.

मिसबाई हसली नाही. ‘हिनं बाळाची नाळ कापायची असते,’ ती म्हणाली. ‘तुझ्या गावात नाळ कशानं कापतात?’

‘इळ्यानं.’

‘कुठला विळा?’

‘गोठ्यातला.’

‘आणि तुझ्या गावात बाळं जातात का पहिल्या आठवड्यात? आधी दूध ओढायचं सोडतं, मग तोंड मिटतं, मुठी आवळतात, अंग ताठ होतं?’

 कडू हळूच म्हणाली, ‘त्याला सटवी लागली म्हनतात.’

‘सटवीचं मला ठाऊक नाही,’ मिसबाई म्हणाली. ‘पण गोठ्यातल्या शेणामातीचं लोखंड नाळेला लागलं की असं होतं, एवढं मी शिकले आहे आणि पाहिलंही आहे. विळा असो की कात्री, उकळावी, नाहीतर विस्तवात लाल करावी. मग भीती राहत नाही.’

परतताना बाईंनी प्रश्न विचारायच्या आधीच कडूचे डोळे भरलेले मला दिसले. तिला मी रडताना तोवर कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे मी भांडण विसरले. कारण मलाही ठाऊक होतं. तिची जानकीवहिनी दोनदा बाळंत झाली होती. दोन्ही मुलगे. दोघंही सातव्या दिवशी अंगावर प्यायचे थांबले आणि गेले. आणि वहिनीला तिसऱ्यांदा दिवस गेलेले होते.

सुट्टी लागली तशी मीही हट्टानं कडूबरोबर चकलांब्याला गेले. गेवराईपर्यंत मोटार, पुढं बैलगाडी. वाटभर कडू एकच बोलत होती, आईला कसं सांगायचं. मी म्हटलं, सरळ सांग. नेहमी तर सरळच बोलतेस.

तिनं सरळ सांगितलं, आणि तिथंच सगळं फिसकटलं.

त्या घरची एक रीत होती. सालाची पहिली ज्वारी ज्या विळ्यानं कापायची, त्याच विळ्यानं त्या साली जन्मलेल्या मुलाची नाळ कापायची. घरात धान्य आणणारं लोखंडच मुलाला घरात घेणार, असा त्यातला भाव. मग पाचवीला त्याच विळ्याची हळदकुंकू वाहून पूजा. एरवी तो गोठ्याच्या कुडात खोचलेला असे, आणि पूजेचा म्हणून त्याला कोणी धूतही नसे. मावशीच्या सासूनं हे पाळलं, मावशीनं पाळलं. कडूसुद्धा त्याच विळ्यानं या घरात आली होती. मला ही रीत ऐकायला फार गोड वाटली होती, आणि म्हणूनच त्या रीतीविरुद्ध बोलायचं कसं, ते कळेना.

‘आई, ह्या टायमाला इळा उकळून घे,’ कडू म्हणाली. ‘न्हाईतर इस्तवात लाल कर.’

मावशी भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. ‘काय म्हनलीस?’

‘बीडच्या दवाखान्यात तसंच करत्यात.’

‘लगीन न झालेली पोर तू, बाळंतपनाचं बोलतीस? ह्यासाठी धाडलंतं तुला बीडला?’ मावशीचा आवाज चढला. ‘इळा इस्तवात घातला की धार जाती, आन धारंसंगं घराची बरकत जाती. दोन नातू गेले माझे. आता घराची रीत बी मोडू व्हय?’

मावशी दुष्ट नव्हती, हे मला सांगितलंच पाहिजे. दोन्ही वेळा तिनं स्वतः त्या तान्ह्याला मांडीवर घेऊन सटवाईचे नवस केले होते. तिच्याजवळ जे होतं ते ती घट्ट धरून होती.

मी कडूला परसात ओढून नेलं. ‘विळा विहिरीत टाकून दे,’ मी म्हटलं. मला राग आला की मला असंच काहीतरी सुचतं.

‘मग शेजारचा आनतील,’ ती म्हणाली. ‘त्यो बी गोठ्यातलाच.’

त्या वेळी मला तिचं प्रथम कौतुक वाटलं. मी नुसती चिडले होते, आणि ती विचार करत होती. जानकीवहिनी ओसरीवर बसून शेंगा फोडत होती. पोट एवढं पुढं आलेलं, पण तिसऱ्या खेपेला तिनं एक टोपडंही शिवलं नव्हतं. पाळण्याचा दोरसुद्धा माळ्यावरून काढू दिला नव्हता. कोणी बाळाचं बोललं की ती उठून आत जायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी कडू मला घेऊन गावाबाहेर निघाली. मांगवाड्यात सुईण राहायची, छबुबाई. गावातलं निम्मं पोर तिच्या हातावर आलेलं, पण बाळंतपण सोडून एरवी तिला उंबऱ्याच्या आत कोणी घेत नसे. सुंदररावांची मुलगी आपल्या दारात उभी बघून म्हातारी दचकून उठली.

‘धाकल्या बाई, हिकडं कावून आलात? कुनी बघितलं तर मलाच बोल लागंल.’

कडू तिच्या ओट्यावर बसली आणि मिसबाईनं सांगितलेलं सगळं तिनं सांगितलं. छबुबाई ऐकत राहिली. मग म्हणाली, ‘माझ्या लेकीचं बी एक तसंच गेलंतं. तोंड मिटून. मला वाटायचं, माझ्याच हाताला काय वाईट हाय.’ तिनं आपले तळहात पुढं धरून पाहिले. ‘पन मी काय करू? तुमच्या आईला मी सांगू, ही रीत सोडा म्हनून? दुसरं लेकरू गेलं तवा मला तुमच्या वाड्यातनं हाकलूनच दिलंतं. पुन्ना बोलावलं, कारन गावात दुसरी सुईन न्हाई.’

कडूनं मान हलवली. सांगून उपयोग नाही, हे तिला कालच कळलं होतं. तिनं दुसरंच विचारलं. ‘छबुबाई, बाळंतपनात तुला काय काय लागतं, ते समदं सांग.’

छबुबाईनं सांगायला सुरुवात केली. ऊन पाणी, तेल, जुनं धोतर, नाळेला बांधायला दोरा, वर लावायला राख. कळा मंद पडल्या की लोखंडाचं पाणी. म्हणजे लोखंड विस्तवात लाल करून वाटीभर पाण्यात बुडवायचं आणि ते पाणी बाळंतिणीला पाजायचं, अंगात बळ येतं म्हणून. हे तर आम्हालाही ठाऊक होतं, आमच्या बीडच्या घरीसुद्धा करत.

‘कोन्तं लोखंड?’ कडूनं विचारलं.

‘कोन्तं बी. उलथनं, पळी. घरात गावंल ते.’

‘इळा चालंल?’

छबुबाईनं आधी तिच्याकडे नुसतं पाहिलं. मग ती हसायला लागली, तोंडाला पदर लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. ‘चालंल की,’ ती म्हणाली. ‘चालंल. पुजंचा इळा, त्याच्यापरीस बळाचं लोखंड घरात दुसरं कोन्तं असंल?’

मी वयानं आता पिकले, पुष्कळ शिकलेली माणसं पाहिली. गावाची रीत चुकीची आहे, हे सांगणारे त्यांत पुष्कळ होते. पण रीत न मोडता तिच्याच पोटातून वाट काढणारी एवढ्याशा वयाची पोर मी तेवढी एकच पाहिली.

थोड्याच दिवसांनी एका सकाळी वहिनीच्या कळा सुरू झाल्या. आम्हा दोघींना खोलीत जायची बंदी होती, म्हणून कडूनं अंगणातल्या चुलवणाचं काम मागून घेतलं. पाणी तापवायचं, विस्तव फुलवत ठेवायचा. तिनं दोरा उकळला, धोतराचे तुकडे उकळून उन्हात वाळवले. राख गोठ्यातली न घेता चुलीतली घे, असं छबुबाईला आधीच सांगून ठेवलं होतं. उन्हं डोक्यावर आली तरी सुटका होईना. आतून वहिनीचा आवाज बारीक होत चालला होता. मावशी गोठ्यातून बाहेर आली तेव्हा तिच्या हातात तो विळा होता, कुडातून आताच काढलेला, पात्यावर वाळलेलं शेण. 

तेवढ्यात आतून छबुबाईचा आवाज आला. ‘मालकीनबाई, कळा बसल्या. लोखंडाचं पानी लागंल.’

‘केशर, उलथनं आन,’ मावशी मला म्हणाली.

‘उलथन्यानं भागायचं न्हाई,’ आतून उत्तर आलं. ‘दोनदा उलथन्याचंच पाजलं, काय झालं बघितलं न्हवं? पुजंच्या इळ्याचं पाजा. ज्या लोखंडानं घरात दानं येत्यात, त्याचं बळ सुनंला येऊ द्या.’

मावशी विळ्याकडे बघत उभी राहिली. कडू चुलवणापाशी उकिडवी बसली होती. तिनं वर पाहिलं नाही, एक शब्द बोलली नाही. तिच्यासारखीला गप्प बसणं केवढं जड गेलं असेल, ते मीच जाणे.

आतून वहिनी पुन्हा कण्हली. मावशीनं विळा कपाळाला लावला आणि स्वतःच्या हातानं विस्तवात सारला.

पातं आधी काळं पडलं, मग लाल झालं. शेण जळून धूर झाला. कडू फुंकणीनं फुंकत होती, तिच्या गालावर घामाचे ओघळ होते. मावशीनं लाल विळा वाटीतल्या पाण्यात बुडवला, चर्र आवाज झाला, आणि मी सुटकेचा श्वास सोडणार तोच मावशीनं ओला विळा सवयीनं खाली टेकवायला हात वळवला. खाली शेणानं सारवलेली भुई होती.

‘भुईला टेकवू नगा,’ दारातून छबुबाई कडाडली. त्या अंगणात ती मावशीवर एवढ्या मोठ्यानं पहिल्यांदाच बोलली असेल. ‘देवीचं लोखंड हाय, भुईला टेकत न्हाई. हिकडं द्या.’ आणि तिनं उकळलेल्या धोतराच्या तुकड्यात विळा झेलून घेतला.

उन्हं कलली तेव्हा मुलगा झाला, आणि छबुबाईनं त्याच विळ्यानं नाळ कापली. रडणं ऐकून सुंदररावकाकांनी वाटायला गूळ काढला, पण मावशीनं तो परत आत ठेवायला लावला. सातवा दिवस जाऊ द्या, म्हणाली.

मला वाटलं होतं, आता झालं सगळं. झालं काहीच नव्हतं. पाचवीच्या दिवशी पाटावर विळा मांडला, तर त्याचं पातं निळंकाळं पडलेलं. मावशी त्याला हळद लावताना थांबली आणि छबुबाईकडे बघून म्हणाली, ‘तुझ्या सांगन्यानं मी इस्तवात घातला. ह्या लेकराला काय झालं, तर या गावात तुला ठाव न्हाई.’ छबुबाई दाराबाहेर बसली होती. तिनं नुसते हात जोडले.

कडूनं त्या दिवसापासून जेवण टाकलं. पाण्याबरोबर भाकरीचा तुकडा घशाखाली ढकलायची. ‘मिसबाईचं खोटं निघालं तर?’ ती मला म्हणाली. ‘लेकरू जाईल, आन छबुबाईचं घर बी जाईल. आन मी बीडला पोथी वाचत बसंन.’  मी तिचा हात धरून बसले. तो विस्तवानं पोळलेला होता, आणि ते तिनं कोणाला सांगितलंही नव्हतं.

सातव्या दिवशी सकाळी घरात कोणी मोठ्यानं बोललं नाही. मावशी देवापुढून उठेना. पेज घेऊन खोलीत मला पाठवलं, बाकी कोणाचा जायचा धीर झाला नाही. वहिनी भिंतीकडे तोंड करून बसली होती. बाळ पदराखाली होतं, आणि वहिनीचे खांदे हलत होते.  माझ्या हातातली पेज सांडली.

‘वहिनी,’ मी म्हटलं.

तिनं मान वळवली. तोंड सगळं ओलं झालेलं. ‘लई वढतंय गं,’ ती म्हणाली. ‘दुखतंय इतकं वढतंय.’

मी बाहेर धावत काय ओरडले, ते मला आठवत नाही. मावशी आली, काका उंबऱ्याशी आले. वहिनी म्हणाली, कडूला बोलवा. बाळंतिणीच्या खोलीत बिनलग्नाची पोर, पण मावशी दारातून बाजूला सरली. कडू आली, दारातच उभी राहिली. वहिनीनं बाळ उचलून तिच्या हातात दिलं.

‘दार उघडं होतं त्या दिशी,’ वहिनी म्हणाली. ‘मला कळा येत होत्या, पन डोळे होते. इळा कुनी तापवून घेतला, ते मला कळलं.’ मग म्हणाली, ‘केशर सांगत होती, तुमच्या बाई इचारत्यात म्हनून, कुनाचं अडंल. त्यांला सांग, तू नसतीस तर चकलांब्यात माझं अडलं असतं.’

कडू बाळाला धरून मटकन खाली बसली आणि हमसून हमसून रडली. मावशीनं माळ्यावरून पाळण्याचा दोर काढला.

सुट्टी संपून आम्ही बीडला परतलो, आणि महिन्याभरात मोहतमीम बाईसाहेब मुआयन्याला आल्या. मोठ्या मुलींना ओळीनं उभं केलं. शिकून काय करणार? एकीनं सांगितलं, शिकवणार. एकीनं शिवणाचं सांगितलं. पोथीचं नाव कोणी काढलं नाही, आणि रुक्मिणीबाई कोपऱ्यात उभ्या राहून पदराचं टोक चुरगळत होत्या. माझी पाळी आली तेव्हा मुन्सफाची बायको हे काम नव्हे, एवढं मला कळलं होतं, म्हणून मीही शिकवणारच म्हटलं. पुढं तेच केलं.

कडूची पाळी आली. ती सरळ बाईसाहेबांच्या डोळ्यांत बघून म्हणाली, ‘मी छबुबाई होणार.’

बाईसाहेबांनी रुक्मिणीबाईंकडे पाहिलं. ‘ह्या कोण? कुठल्या मोठ्या घरच्या बाई आहेत का?’

‘चकलांब्याच्या सुईन हायत,’ कडू म्हणाली. ‘मांगवाड्यात ऱ्हातात. मी हैदराबादला जाऊन शिकंन, आन मग त्यांच्यासंगं काम करंन.’

वर्गात एकच हशा उठला. जमीनदाराच्या मुलीला काय व्हायचंय, तर म्हणे सुईण. लहान मुली एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या.

मी हसले नाही. त्या दिवशी चुलवणापाशी तिच्या शेजारी मी होते.